टेस्टच्या दिवशी लेक उलट्या करते. कृष्णमूर्तींच्या शाळेसारखी शाळा शोधावी का?

चिंचवडची_आई

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

माझी मुलगी चौथीत आहे, इथेच जवळच्या एका इंग्लिश मीडियम शाळेत, शाळेचं नाव घेत नाही. अभ्यासात तशी बरी आहे, वाचायचं वेड आहे, घरी असली की दिवसभर तोंड चालू. पण दिवाळीनंतर काहीतरी बिनसलंय. युनिट टेस्ट असली की सकाळी उठल्या उठल्या पोटात दुखतं, उलटी होते, दोनदा डॉक्टरांकडे नेलं, सगळं तपासून झालं, पोटाचं काही नाही म्हणाले. आणि रविवारी कधीच दुखत नाही.

गेल्या आठवड्यात ओटा आवरताना तांदळाच्या डब्याच्या मागे तिची गणिताची वही सापडली. उघडली तर एक पान खोडून खोडून इतकं पातळ झालेलं की आरपार भोक पडलं होतं आणि मागच्या पानावरचं दिसत होतं. मी विचारलं हे काय गं, तर आधी गप्प, मग हळूच म्हणाली, "मिसने रेड पेन लावायच्या आधी मला नीट करायचं होतं." मला काय बोलावं कळेना. मग तिने सांगितलं की वर्गाच्या दाराशी एक चार्ट आहे, त्यावर सगळ्यांची नावं मार्कांप्रमाणे वर-खाली लावतात आणि शेवटच्या पाच जणांना दर सोमवारी उभं करतात. ती त्या पाचात कधीच आलेली नाही. तरी रविवारी रात्री मोजत बसते की आपल्या खाली किती जण आहेत.

आणि खरं सांगायचं तर मी पण ओरडते. मोठ्या दिरांचा मुलगा स्कॉलरशिपला बसतोय, त्याचं नाव माझ्या तोंडून दिवसातून चारदा तरी येतं.

जावेने सांगितलं की जे. कृष्णमूर्ती म्हणून तत्त्वज्ञ होते, त्यांच्या शाळा असतात, तिथे नंबर नाही, शिक्षा नाही, मूल घाबरून शिकत नाही. राजगुरुनगरच्या पुढे तिवई डोंगरावर त्यांची सह्याद्री स्कूल आहे, आमच्यापासून फार लांब नाही पण निवासी आहे. नऊ वर्षांची पोर हॉस्टेलला टाकायची या विचारानेच माझ्या पोटात गोळा येतो. तिथे शिकलेलं किंवा जवळून बघितलेलं कोणी आहे का इथे? भीती खरंच जाते की नुसतं बोलायला छान आहे? आणि नाहीच जमलं तर आहे त्या शाळेत, आहे त्या घरात काय करता येईल?

---

नाशिककर_बाबा

ताई, तुमची काळजी समजते, माझा मुलगा आठवीत आहे. पण मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. पुढे दहावी आहे, मग नीट, जेईई, सीईटी, तिथे रँकच लागते. दहा वर्षं मुलाला स्पर्धा दिसूच दिली नाही आणि मग एकदम त्यात ढकललं तर ते जास्त क्रूर नाही का? परत या शाळांची फी आपल्यासारख्यांच्या आवाक्यातली नसते. मला वाटतं एखाद्या चांगल्या काउन्सेलरकडे जा, मुलीला थोडं टफ करा. भीती सगळ्यांनाच वाटते, आम्हाला पण छड्या बसल्या, आम्ही शिकलोच ना.

---

दगडफूल

मी ऋषी व्हॅली या कृष्णमूर्तींच्याच शाळेत शिकले आहे, सहावी ते दहावी, म्हणून लिहितेय. ही आंध्रात मदनपल्लीजवळ आहे, कृष्णमूर्तींचा जन्म १८९५ साली मदनपल्लीतच झाला. त्यांच्या इतर शाळा वाराणसीला राजघाट, चेन्नई, बंगळुरू अशा ठिकाणी आहेत, आपली सह्याद्री त्यातल्या त्यात नवी, १९९५ ची. सह्याद्रीत मी शिकलेली नाही त्यामुळे तिथलं आतलं सांगणार नाही.

आधी एक गोष्ट सांगते जी मला खूप उशिरा कळली. हा माणूस, म्हणजे कृष्णमूर्ती, स्वतः लहानपणी शाळेत मठ्ठ समजला जायचा. लक्ष नसायचं, धडा पाठ व्हायचा नाही, मास्तर जवळजवळ रोज छडीने मारायचे आणि व्हरांड्यात काढून ठेवायचे. पुढे थिऑसॉफी या आध्यात्मिक चळवळीतल्या लोकांनी त्यालाच जगद्गुरू म्हणून घडवायला घेतलं, त्याच्यासाठी मोठी संघटना उभी केली, आणि १९२९ मध्ये हॉलंडमधल्या ओमेनला भर मेळाव्यात त्याने ती स्वतः बरखास्त केली, मी कोणाचा गुरू नाही म्हणाला. मला वाटतं शाळेबद्दल ते जे बोलत राहिले त्याचं मूळ या दोन गोष्टींत आहे, एक म्हणजे व्हरांड्यात उभं केलेलं पोर आणि दुसरी म्हणजे जबरदस्तीने मखरात बसवलेलं तेच पोर. दोन्हीत त्या पोराकडे कोणी बघतच नव्हतं.

आता तुमचा प्रश्न, भीती जाते का. माझी गेली नाही. अस्ताचल म्हणून एक प्रकार असायचा, संध्याकाळी सगळ्यांनी दगडावर गप्प बसून सूर्य बुडताना बघायचा, बोलायचं नाही, जप नाही, डोळे मिटायचे नाहीत. पहिलं वर्षभर मला ते प्रचंड कंटाळवाणं वाटायचं, मांडीला मुंग्या यायच्या, मी शेजारच्या मुलीच्या चपला मोजायचे. मग एक दिवस असं झालं की दुपारी माझं एका मैत्रिणीशी भांडण झालं होतं आणि मी तिथे बसले होते, घसा आवळलेला, छाती धडधडतेय, आणि ते सगळं मला चालू असताना दिसलं. म्हणजे "मी घाबरलेय" असं नाही, तर आता ही मला टाकणार, मग मी एकटी जेवणार, मग सगळ्यांना दिसणार, ही जी एकामागून एक चित्रं मी स्वतःच काढत होते ती दिसली. भीती तशीच होती पण मी तिच्या मागे धावत नव्हते. हे कोणी मला शिकवलं नव्हतं. फक्त रोज वीस-पंचवीस मिनिटं मला माझ्यासोबत सोडलं होतं आणि त्यावर मार्क नव्हते.

लहान वर्गांत आम्हाला नंबर नव्हते, कोणाला किती पडले हे फळ्यावर यायचं नाही. दहावीला बोर्ड होतंच, आयसीएसई. त्यानंतर मी पुण्यात ज्युनियर कॉलेजला आले आणि नाशिककर म्हणतात तसा धक्का बसला, बसलाच, पहिले सहा महिने मी नोटीस बोर्डाच्या जवळ जात नव्हते. पण एवढं खरं की मला त्या लिस्टमधलं माझं स्थान म्हणजे मी असं कधी वाटलं नाही. माझी रूममेट माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, तिला ते वाटायचं, दोन मार्क गेले की ती दोन दिवस जेवायची नाही. टफ तीच होती खरं तर, लहानपणापासून स्पर्धेतच वाढलेली.

हॉस्टेलचं मात्र स्पष्ट सांगते. मी अकरा वर्षांची होते आणि पहिली टर्म मी रोज रात्री रडले. काही मुलं रमतात, काही नाही रमत. जी मुलगी वही तांदळाच्या डब्यामागे लपवते ती आत्ता घरापासून लांब गेली तर तिला तीही शिक्षाच वाटू शकते, वहीत चुका होत्या म्हणून मला पाठवलं असं. तिला विचारल्याशिवाय, तिला तिथे नेऊन दाखवल्याशिवाय काही ठरवू नका.

---

खडूफळा

ताई, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, बीड जिल्ह्यात, द्विशिक्षकी शाळा, म्हणजे पहिली ते चौथी आणि आम्ही दोघं. वरची चर्चा वाचून राहवलं नाही, तुमच्या त्या खोडलेल्या पानावर माझा जीव अडकलाय.

माझ्या वर्गात एक पोरगं होतं, आईबाप ऊसतोडीला, सहा महिने कारखान्यावर, सहा महिने आमच्याकडे. एकदा त्याला ५२ मधून २७ वजा करायला दिले, त्याने ३५ लिहिलं. शिक्षक मंडळींना लगेच कळेल, सातातून दोन पाच, पाचातून दोन तीन, लहान आकडा मोठ्यातून काढायचा एवढंच त्याला माहीत होतं. मी अगदी मायेने विचारलं, "कसं काढलंस रे?" तर त्याने काही बोलायच्या आत थुंकी लावून बोटाने पाटीच पुसली. मी म्हटलं अरे पुसलंस का, तर म्हणाला, "तुम्ही कसं काढलं म्हनता तवा चुकलेलंच आस्तंय."

बारा वर्षं नोकरी झाली होती माझी तेव्हा. बारा वर्षं मी बरोबर उत्तराला "शाब्बास" आणि चुकीच्या उत्तराला "कसं काढलंस" म्हणत आलो होतो आणि मला वाटायचं मी पोरांना विचार करायला शिकवतोय. त्या दिवसापासून मी ठरवलं की बरोबर आलेल्यालाही विचारायचं कसं काढलंस, आणि चुकलेल्याला विचारताना सोबत चिंचोके द्यायचे, दहादहाच्या पुड्या बांधलेल्या, म्हणजे तो स्वतः पुडी सोडून बघेल. हळूहळू पोरं पुसायची थांबली. तीन-चार महिने लागले, त्यात मधेच मी एकदा चिडून ओरडलो की परत पहिल्यासारखं व्हायचं.

नाशिककर दादा, तुमचा फीचा मुद्दा बरोबर आहे पण त्याला दुसरी बाजू आहे. ऋषी व्हॅलीच्या आजूबाजूच्या खेड्यांत त्याच लोकांनी छोट्या छोट्या शाळा चालवल्या, गरिबांच्या, एकाच खोलीत सगळे वर्ग. तिथे पुस्तकाऐवजी कार्डं असतात आणि भिंतीवर शिडी, शिडीच्या प्रत्येक पायरीवर चित्र, कुत्रा, हत्ती, बैल असं काहीतरी, मूल आपली पायरी बघतं, त्या चित्राचं कार्ड उचलतं, ते जमलं की पुढची पायरी. आजारी पडलं, जत्रेला गेलं, ऊसतोडीला गेलं तरी परत आल्यावर आपल्याच पायरीवर उभं राहतं, वर्ग पुढे निघून गेलेला नसतो. कर्नाटकात १९९५ च्या सुमारास म्हैसूरकडच्या एचडी कोटे तालुक्यातल्या शिक्षकांनी ते बघून नली कली सुरू केलं आणि पुढे ते सरकारी शाळांमध्ये पसरलं. नली कली म्हणजे आनंदाने शिकूया. मला यातलं सगळ्यात मोठं काय वाटतं तर तिथे भीती गोड बोलून घालवलेली नाही. मांडणीच अशी आहे की "मागे पडला" असं कोणाला म्हणताच येत नाही, कारण पुढे-मागे मोजायला सगळ्यांची एक रांगच नाही. दाराशी चार्ट लावून बाई कितीही गोड बोलल्या तरी पोर मोजणारच.

आता कामाचं. तो चार्ट आणि ते उभं करणं कायद्यात बसत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १७ आहे, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी. आणि कलम २९ वाचाच, त्यात अभ्यासक्रम आणि मूल्यमापन कसं असावं हे सांगताना चक्क लिहिलंय की मूल भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त राहिलं पाहिजे आणि त्याला मोकळेपणाने मत मांडता आलं पाहिजे. देशाच्या कायद्यात "भीतीपासून मुक्त" हे शब्द आहेत ताई, ही कुठल्या डोंगरावरच्या शाळेची चैन नाही. भांडायला जाऊ नका, आधी वर्गशिक्षिकेला एकट्याने भेटा, वही सोबत न्या, ते पान दाखवा. बऱ्याचदा बाईंवरही वरून रिझल्टचा दट्ट्या असतो, त्यांनाही तो चार्ट नको असतो. नाही ऐकलं तर मुख्याध्यापक, मग पालक-शिक्षक संघ, आणि तक्रार लेखी द्या.

---

करवीर_कन्या

सगळं वाचलं. मला एवढंच जोडायचंय की हे सगळं कृष्णमूर्तींपासूनच सुरू होतं असं नाही, आपल्याकडे मराठीतही हे मोठं काम झालंय आणि आपण ते विसरतो याचं वाईट वाटतं.

ताराबाई मोडकांनी गुजरातेत भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत बालमंदिराचं काम केलं, मग १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, पुढे अनुताई वाघ आणि त्यांनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम केलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर मग शाळाच कुरणात गेली, कुरणशाळा. मुलाला शाळेच्या साच्यात कोंबायचं की शाळेने मुलाकडे चालत जायचं, हा निर्णय त्या बायकांनी तेव्हा घेतला होता. आणि आमच्या कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी निवृत्तीनंतर १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं, मराठी माध्यम, साधी शाळा, मारणं नाही, नंबरांचं स्तोम नाही, मुलांच्या हाताला काम आणि डोक्याला प्रश्न. पुण्यात अक्षरनंदन आहे. फलटणला कमला निंबकर बालभवन आहे. ताई, तुम्ही चिंचवडला आहात, रोज घरी येता येईल अशी शाळा शोधायला हरकत काय?

शाळा बघायला गेलात तर प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये फार वेळ घालवू नका, तिथे सगळेच छान बोलतात. मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला उभ्या राहा. बाई जवळून गेल्या की पोरांचा आवाज बंद होतो का बघा. वर्गात बसू दिलं तर बघा चुकीचं उत्तर आल्यावर बाकीची मुलं हसतात का, मला विचाराल तर सगळी शाळा त्या एका हसण्यात कळते. भिंतीवर मुलांची चित्रं असतील तर ती सगळ्यांची आहेत की फक्त तीन-चार चांगल्या चित्रकारांची ते बघा. आणि एखाद्या मुलाला विचारा, "तुला इथलं काय आवडत नाही?" जिथे मूल बाईंसमोर याचं उत्तर देतं तिथे नाव घाला.

काउन्सेलरचं नाशिककर म्हणाले ते मला पटतं बरं का, उलट्या होत आहेत म्हणजे थांबू नका. फक्त पोरीला दुरुस्त करायला नेतोय असं तिला वाटू देऊ नका.

---

नाशिककर_बाबा

खडूफळा सर, ते "कसं काढलं म्हणता तेव्हा चुकलेलंच असतं" वाचून मी जरा वेळ गप्पच बसलो. माझा मुलगा मला उत्तरपत्रिका दाखवताना आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतो, मला वाटायचं आदर आहे. छड्या खाऊन शिकलो असं मी वर लिहिलंय, पण मराठीचे मास्तर छडीवाले होते आणि मी आजही चार लोकांसमोर उभं राहून बोलू शकत नाही, ऑफिसात प्रेझेंटेशन असलं की आदल्या रात्री झोप नसते. हे दोन्ही जोडून मी कधी बघितलं नव्हतं. स्पर्धेचा मुद्दा मी सोडत नाहीये, ती आहेच, पण लेकराला आत्ताच त्यात उभं करायची घाई नको हे मान्य.

---

चिंचवडची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहितेय.

दगडफूल, तुम्ही लिहिलंत ना की पोराकडे कोणी बघतच नव्हतं, ते डोक्यातून जात नव्हतं. मी ठरवलं की आठ दिवस दिरांच्या मुलाचं नाव तोंडातून काढायचं नाही. नुसतं एवढंच. पहिल्याच दिवशी सकाळी तिला दूध प्यायला उशीर झाला आणि ते नाव माझ्या जिभेवर आलं. मी गिळलं, तर मग मला कळेना की आता बोलायचं काय. इतकी सवय झाली होती की तुलना काढून टाकली तर माझ्याकडे तिला सांगायला वाक्यच नव्हतं. आणि मग मला दिसलं की तिच्या मार्कांची मला भीती नाहीचे, सासरी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर माझी मान खाली जाईल ही भीती आहे. माझी भीती तिच्या दप्तरात घालून मी तिला रोज शाळेत पाठवत होते. हे लिहिताना रडू येतंय पण लिहिते.

चौथ्या की पाचव्या दिवशी तिने स्वतःच विचारलं, "आई, तू आता दादाचं का नाही सांगत?" मी खरं ते सांगितलं, की मला कळलंय त्याने तुला त्रास होतो आणि मला पण होतो. ती काहीच बोलली नाही, खेळायला गेली.

वही घेऊन बाईंना भेटले. बाई तिशीच्याही नसतील. पान बघून त्यांनी हात लावून ते भोक चाचपलं आणि म्हणाल्या की चार्ट लावायचं वरून आलंय, सगळ्या वर्गांत आहे, मी काढू शकत नाही पण उभं करणं मी बंद करते. गेल्या सोमवारी कोणाला उभं केलं नाही असं लेकीने सांगितलं. चार्टसाठी आम्ही सहा पालकांनी मिळून अर्ज लिहिलाय, कलम १७ आणि २९ दोन्ही घातलंय, सर तुमचे आभार. उत्तर अजून आलेलं नाही.

मंगळवारी परत टेस्ट होती. उलटी झाली. पोटात दुखलं. पण यावेळी मी "काही होत नाही, ऊठ" नाही म्हटलं, तिच्या शेजारी बाथरूमच्या उंबऱ्यावर बसले आणि विचारलं कुठे दुखतंय नेमकं, कसं दुखतंय. तर ती म्हणाली, "इथे मुठीसारखं आहे, आणि रेड पेन आठवलं की मूठ घट्ट होते." नऊ वर्षांची आहे ती. पाच-सात मिनिटं आम्ही तिथेच बसलो होतो, रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवत होते.

काउन्सेलरची वेळ शुक्रवारची मिळाली आहे. सह्याद्रीचं आत्ता नको म्हणून ठरवलंय, नवऱ्याला पण पटलं. पुण्यातल्या दोन शाळा बघायला पुढच्या आठवड्यात रजा टाकतेय, लेकीलाही नेणार आहे. करवीर ताई, मधल्या सुट्टीच्या वेळेलाच पोचेन अशा हिशोबाने निघते. सर, ते चिंचोक्यांच्या पुड्या कशा बांधता जरा सांगाल का, दोऱ्याने की कागदात?

---

खडूफळा

कागदात नको, फाटतात. जुन्या सुती धोतराचे किंवा ओढणीचे चौकोनी तुकडे करा, दहा चिंचोके मोजून गाठ सैल बांधा, तिला एका हाताने सोडता आली पाहिजे. पुड्या तिलाच बांधू द्या. आणि एखाद्या पुडीत नऊच निघाले तर लगेच सांगू नका, तिला सापडू द्या.